रोजच्या पायातला जोडा



कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने नभोवाणीवर यावे आणि बुटाविषयी बोलावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. परंतु मला या विषयाकडे ओढले ते ईटमधल्या एका ओसरीने, आणि त्या ओसरीवर पडलेल्या एका जोड्याने. तेव्हा आधी तीच हकीकत सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मी बहिणीकडे ईटला गेलो होतो. माझा भाचा तिथून जवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक आहे. गाडीने फाट्यापर्यंत जायचे, आणि पुढे अडीचतीन किलोमीटर चालायचे, असा त्याचा रोजचा परिपाठ. सकाळी ओसरीवर बसलो, तो समोर त्याचे पांढरे बूट पडलेले. एकाचा तळ पुढून पार सुटला होता, आणि तो बूट आ वासून माझ्याकडे पाहत होता.

"काय रे, किती दिवस झाले याला?"

"तीन महिने नाही झाले, मामा. पंधराशेला घेतले."

"कशाचे आहेत?"

"लेदरचे. वर लिहिलंय की तसं!"

पंधराशे रुपये म्हणजे फार नव्हेत, असे शहरातला माणूस म्हणेल. पण प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ सालापासून महिना सोळा हजार रुपये आहे. म्हणजे हे झाले जवळजवळ तीन दिवसांचे मानधन. तीन दिवस मुलांना बाराखडी शिकवून त्याने ज्या वस्तूची किंमत मोजली, ती वस्तू चिखलात गेली. शिवाय टाचेला फोड आला होता, तो वेगळाच. आणि त्याला पुन्हा तसलेच बूट घ्यायचे होते! मी म्हटले, "थांब. घ्यायचे तर स्नीकरच घे, मी आड येत नाही. पण आधी हा मेलेला बूट उघडून बघू."

आता स्नीकर म्हणजे काय, ते वडीलधाऱ्या श्रोत्यांसाठी दोन शब्दांत सांगतो. रबरी तळाचा, घोट्याच्या खालीच संपणारा, नाडीचा हलका जोडा. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, आणि त्यातून पुढे रबरी तळाचे बूट निघाले. ते वाजत नाहीत, चोरपावलांनी चालता येते, म्हणून इंग्रजीत त्यांना हे नाव पडले. आपल्याकडे कवायतीच्या तासाला घालायचे पांढरे कॅनव्हासचे बूट ज्यांनी घातले आहेत, त्यांनी स्नीकरच घातले आहेत. पुढे १९६० च्या दशकात टेनिससाठी कॅनव्हासऐवजी चामड्याचे असे जोडे निघाले. त्यातल्या एकाला नंतर स्टॅन स्मिथ या अमेरिकन टेनिसपटूचे नाव मिळाले आणि तो जगभर गेला. आज पाटोद्यापासून बार्शीपर्यंत पोरे जे पांढरे बूट मागतात, ते याच घराण्यातले.

रोजच्या वापराला हा जोडा वाईट नाही, हे मी प्रथमच कबूल करतो. शाळेत उभे राहणे, बसमध्ये चढणे, बाजार, पंचायत समिती, लग्नकार्य, सगळीकडे तो चालतो. प्रश्न आहे तो निवडण्याचा.

आम्ही तो फाटका बूट उलटापालटा केला. बुटाला नाडीच्या खाली एक जीभ असते. तिच्या आतल्या बाजूला एक बारीक चिठ्ठी शिवलेली होती आणि तीवर चित्रे होती. ही चित्रे वाचायला शिकलात तर तुमचे निम्मे काम झाले. युरोपात १९९४ साली केलेल्या नियमाने ही चित्रे ठरली, आणि निर्यातीचा माल करणारे कारखाने ती आपल्याकडच्या मालावरही पुष्कळदा छापतात. पसरलेल्या कातड्याची आकृती असेल तर ते चामडे. त्याच आकृतीच्या आत पतंगासारखा चौकोन असेल तर वर लेप दिलेले चामडे. विणीची जाळी असेल तर कापड. आणि नुसताच पतंग असेल तर दुसरे काहीही, म्हणजे बहुधा रेक्झिन किंवा प्लास्टिकचा प्रकार. वरचा भाग, अस्तर आणि तळ अशा तिन्हींसाठी ही खूण निराळी दिलेली असते.

भाच्याच्या बुटाच्या वरच्या भागासमोर नुसता पतंग होता.

"म्हणजे मामा, लेदर लिहिलंय ते खोटं?"

खोटे म्हणावे तर त्या शब्दाच्या आधी दोन बारीक इंग्रजी अक्षरे होती, पी आणि यू. पी. यू. म्हणजे पॉलियुरेथेन. कापडावर त्याचा थर चढवायचा, त्यावर चामड्यासारख्या सुरकुत्या ठोकायच्या, की झाले पी. यू. लेदर. म्हणजे चामडे नव्हेच! विकणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते, आणि घेणाऱ्याने पुरते वाचले नव्हते. बाजारात बहुतेक फसवणूक याच दोहोंच्या मधल्या जागेत होते.

बरे, खरे चामडे म्हटले म्हणजे तरी सगळे एकच का? नाही. मोठ्या जनावराचे कातडे जाड असते. ते कमावताना यंत्राने आडवे चिरून त्याचे थर करतात, भाकरीचा पापुद्रा सोडवावा तसे. वरचा थर, ज्यावर केसांची रंध्रे असतात, तो सर्वांत चिवट, कारण त्यातले तंतू दाट गुंतलेले असतात. खालचा थर सैल आणि लवदार असतो. त्या खालच्या थरावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवून तोही 'अस्सल चामडे' म्हणून विकता येतो. ते अस्सल असते हे खरेच, पण वर्षभरात चवड्याच्या घडीवर तो पापुद्रा उलतो आणि बूट कोड फुटल्यासारखा दिसू लागतो. चामड्याचा चुरा गोंदात कालवून थापलेलेही एक चामडे असते. त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

दुकानात हे ओळखायचे कसे? मी जे करतो ते सांगतो. जिभेची कड बघावी. पुष्कळ जोड्यांत ती कापलेली, उघडी असते. तिथे गुंतलेले तंतू दिसले तर चामडे. कापडाचे अस्तर आणि वर गुळगुळीत साल अशा दोन रेघा दिसल्या तर नव्हे. मग अंगठ्याने पुढचा भाग दाबावा. चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या अंगठ्याभोवती गोळा होतात, म्हातारीच्या हातावर पडतात तशा. पी. यू. वर एकतर सुरकुती पडत नाही, किंवा पडली तर सगळीकडे सारखी पडते. वासावर जाऊ नये. वास फवारता येतो. पाण्याचा थेंब टाकून बघतात, पण वर रंगाचा जाड हात असेल तर खरे चामडेही थेंब शोषत नाही. आणि काही दुकानदार काडी ओढून बुटाखाली धरतात आणि "बघा, जळत नाही" म्हणतात, तो नुसता खेळ आहे. टाळी वाजवावी आणि पुढच्या दुकानात जावे.

एवढ्यावर भाच्याचे समाधान झाले असते, पण मला शंका तळाची होती. म्हणून तो बूट घेऊन आम्ही भूमला बसस्थानकाजवळ बसणाऱ्या एका चर्मकार कारागिराकडे गेलो. वयस्क माणूस. त्यांनी बूट हातात घेतला, कडेने बोट फिरवले आणि हसले.

"सर, ह्यो टाका न्हाई. टाक्याचं चित्र हाय."

खरोखरच, तळाच्या काठाने जी शिवण दिसत होती, ती रबर ओतताना साच्यातच उठवलेली होती. दोरा नव्हताच. सारा तळ केवळ चिकटवलेला. चिकटवलेला तळ वाईटच असतो असे नाही. चांगल्या कारखान्यात नीट चिकटवलेले बूट पुष्कळ टिकतात. पण आपल्या काळ्या मातीतून तीन किलोमीटर चालायचे, मग ओला बूट चुलीजवळ सुकायला ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात घालायचा, हे सोसेल असा चिकटवा स्वस्त बुटात मिळत नाही. वाटीसारखा रबरी तळ आणि त्याच्या काठातून वरच्या भागापर्यंत आरपार घातलेली शिवण, हा प्रकार बघावा. तो ओळखण्याची खूण त्या कारागिरांनीच सांगितली. बुटातली मऊ गादी उचलून आत बोट घालायचे. बाहेर दिसणारा टाका खरा असेल, तर आतल्या कडेनेही दोरा बोटाला लागतो. ही गोष्ट मला माझ्या एम. ए. च्या कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती.

असा जोडा उसवला तर आरीने पुन्हा शिवता येतो. दुरुस्तीला चाळीसपन्नास रुपये गेले तरी जोडा आणखी काही महिने जगतो. आपल्याकडची कोल्हापुरी वहाण याच नेमाने बनत आली. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, खिळा नाही. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला मांडल्या, प्रथम कोल्हापूरचे नावही न घेता, आणि केवढा गवगवा झाला हे आपण वाचलेच असेल. आपण मात्र घरात अजून "पायातली वहाण पायातच बरी" असे खुशाल म्हणतो. ज्या गावांतून काही माणसांना वहाणा हातात घेऊन वरच्या आळीतून जावे लागे, त्याच गावांतली ही म्हण आहे, हे म्हणताना कोणाच्या लक्षात येत नाही. असो. बसस्थानकाजवळचे ते गृहस्थ बुटाची जी परीक्षा करतात ती फुकट मिळते. नवा जोडा घेण्याआधी जुना त्यांना दाखवावा, इतकेच मला म्हणायचे आहे.

तळाविषयी आणखी दोन गोष्टी. मऊ फोमचा तळ पायाला गोड लागतो, पण आपल्याकडे बाभळीचा काटा आहे. तो फोममधून सरळ वर येतो. रबराचा तळ थोडा जड, पण काट्याला अडवतो. तळावरच्या खाचा फार खोल नकोत, नाहीतर काळी माती त्यात बसते आणि प्रत्येक पावलाला अर्धा किलो ओझे वाढते. दुसरी गोष्ट, पॉलियुरेथेनचा तळ नुसता ठेवूनही खराब होतो. हवेतला दमटपणा त्याला आतून खातो. मी स्वतः एक जोडा 'लग्नाकार्याला' म्हणून चार वर्षे कपाटात जपून ठेवला होता. बार्शीला एका लग्नात तो घातला, आणि अक्षता पडायच्या आत माझ्या मागे मांडवभर काळ्या भुग्याची रांगोळी पडली. तेव्हा बूट जपून ठेवू नये, घालावा.

आता मापाकडे येऊ. भाच्याच्या टाचेच्या फोडाचे मूळ तिथे होते. तो आठ नंबर घालत होता. घरी कागदावर पाऊल उभे करून मापले तर लांबीला त्याला सात पुरत होता. मग आठ का?

"सात आवळतो, मामा. करंगळीला लागतो."

अगदी बरोबर! लांबी सातची आणि चवडा रुंद. रुंदी मिळावी म्हणून त्याने लांबी वाढवली, आणि मग मोकळ्या बुटात टाच घासू लागली. हा एकट्या ईटच्या पोराचा दोष नव्हे. आपण जे नंबर वापरतो ते इंग्रजांनी आणले. त्यांचे एक माप आणि पुढचे माप यांत इंचाच्या एक तृतीयांशाचे अंतर आहे, म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी. जुन्या इंग्रजी हिशेबात तीन जवांचा एक इंच. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुळ होतेच, म्हणजे जव दोन्हीकडे एकच, मात्र पाय वेगळे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मापली. त्यात दिसले ते असे की भारतीय पाऊल युरोपी आणि अमेरिकन पावलापेक्षा रुंद असते, आणि म्हणून आपले लोक गरजेपेक्षा लांब जोडा घेतात. यावरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची नवी मापे सुचवली गेली. तोवर आपण आपल्या नाडीवर आणि आपल्या अंगठ्यावर विसंबायचे.

ते असे. जोडा संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभर उभे राहून पाऊल थोडे सुजते. आणि शिक्षकाचे तर नक्कीच. रोज घालता तेच मोजे घालून बघावे. दोन्ही पायांत घालावा, कारण एक पाऊल बहुधा दुसऱ्याहून मोठे असते, आणि माप मोठ्या पावलाचे धरावे. सगळ्यांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याची रुंदी मावेल इतकी जागा राहावी. चवड्याला दोन्ही बाजूंनी स्पर्श व्हावा, चेप बसू नये. चामडे रुंदीला थोडे सैल होते, लांबीला होत नाही, आणि पी. यू. कशालाच होत नाही. "घाला, सैल होईल" हे वाक्य लांबीच्या बाबतीत कुणीही म्हटले तरी ऐकू नये. एक नंबर खाली पण रुंद साच्याचा जोडा मागावा. तो नसेल तर त्या कंपनीचा नाद सोडावा. दुसऱ्या कंपनीचा सात वेगळा असतो.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी हे हौसेचे बोलणे नव्हे. त्यांच्या पायाची जाणीव कमी होते. जोडा चावतो आणि कळत नाही, आणि त्या लहानशा जखमेतून पाय गमावायची पाळी येते. त्यांनी घालण्याआधी बुटात हात घालून खडा, सुरकुतलेले अस्तर, टोचणारा टाका बघावा, आणि रात्री तळवा आरशात पाहावा. बुटात हात घालण्याआधी मात्र तो उलटा करून झटकावा, हे मी सर्वांनाच सांगेन. आपला मुलूख विंचवांचा आहे, आणि अंधाऱ्या उबदार बुटासारखी जागा त्यालाही आवडते.

घोटा उघडा ठेवणारा हा जोडा शेतात, विशेषतः रात्री पाणी द्यायला जाताना घालू नये. साप चावतो तो बहुतेक पावलाला किंवा घोट्याच्या आसपास. तिथे उंच गमबूट आणि हातात विजेरी, याला दुसरा पर्याय नाही.

रंगाबद्दल आमचा वाद झाला. माझे मत तपकिरी. धूळ दिसत नाही, पॉलिश सापडते, ओरखडा लपतो. भाच्याला पांढराच हवा होता. शेवटी हौसेला मोल नाही म्हणतात, पण इथे मोल त्याचेच जाणार होते, म्हणून मी गप्प बसलो. पैशाचा हिशेब मात्र करून दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि त्यावर अठरा टक्के. तेव्हा अडीच हजारांच्या आत, वरच्या थराचे चामडे, आरपार शिवलेला रबरी तळ, असा जोडा शोधायचा. मिळतो, मात्र नामांकित चित्र त्यावर नसते. त्याने तो बार्शीला तीन दुकाने फिरून घेतला. सातच नंबर, आणि रंग, काय सांगू, तपकिरी. तिसऱ्या दुकानात पांढऱ्यातला सात त्याच्या करंगळीला लागत होता.

ओला झाला की तो आता बुटात जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवतो, चुलीपाशी नाही. पंधरा दिवसांतून एकदा पॉलिश.

ही गोष्ट इथे संपली असती. पण दिवाळीनंतर त्याचा फोन आला. राज्य शासनाने २०२३ साली शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे द्यायचे ठरवले, विद्यार्थ्यामागे १७० रुपये, आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीने करायची.

"मामा, एकशेसत्तरमध्ये चामडं कुठलं येणार?"

"येणार नाही. पण माप येईल की!"

आजवर वर्ग बघून नंबर मागवायचे, पहिलीला अमुक, चौथीला तमुक, अशी रीत ठिकठिकाणी चालते. मग कुणाचे बूट पायात जात नाहीत, कुणाचे वाटेत निघतात, आणि महिन्याभरात ते दप्तरात किंवा घराच्या माळ्यावर जातात. मूल पुन्हा अनवाणी. त्याला म्हटले, प्रत्येक मुलाची टाच भिंतीला लावून उभे कर, पाऊल कागदावर आख, सर्वांत रुंद जागी आडवी रेघ मार, आणि वाढत्या पायाला अंगठाभर जागा धर. दुकानदाराकडून नग घेताना चारदोन जोड्या बदलून देण्याचे आधीच कबूल करून घे. लहानांना नाडीऐवजी चिकटपट्टीचा बूट घे, म्हणजे ती स्वतः घालतील. तळ हाताने वाकवून बघ. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे.

परवा त्याने मला त्या कागदांचा फोटो पाठवला. जुन्या वर्तमानपत्रांवर खडूने आखलेली तेवीस पावले, प्रत्येकावर नाव. दुसरीतल्या एका मुलाने आपल्या पावलाला बोटांची नखेही काढली आहेत. आणि चौथीतल्या एका मुलीचे पाऊल तिच्या वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलापेक्षा दोन नंबरांनी मोठे निघाले. ती गेले वर्षभर बूट घरी विसरले असे सांगत होती.